भाईच्या नावानं मागितलेली माफी

काही माणसांना राग येतो. भाईचं तसं नव्हतं. तो रागात राहायलाच होता आणि मनात आलं तर घटकाभर बाहेर यायचा. पहाटे भट्टी पेटवताना त्याचं भात्याशी भांडण सुरू व्हायचं, मग लाकडं ओली दिली म्हणून वखारवाल्याशी, मग "काय भाई, बरं हाय का?" असं विचारणाऱ्याशी. बरं नसतं तर तू काय करणार होतास, असं तो त्या माणसाला थांबवून विचारायचा आणि उत्तर मिळाल्याशिवाय वाट सोडायचा नाही.

गेल्या पस्तीस वर्षांत त्याची गोष्ट मी कितीतरी तोंडांतून ऐकली. प्रत्येकाच्या गोष्टीत भाई परदेशातल्या मैदानावर एका गोऱ्याच्या मुस्काटात मारतो. सांगणारा हात उगारून दाखवतो आणि ऐकणारे खूश होतात. भाईनं कुणालाही मारलं नव्हतं. मी तिथं होतो, कठड्याला टेकून उभा. तेव्हा हे मी लिहितो आहे ते आठवणींचा उमाळा आला म्हणून नव्हे, ऐकून ऐकून डोकं उठलं म्हणून. आणि त्याचं नाव लिहिणार नाही. त्याच्या नावावर लोकांनी पुष्कळ काही खपवलंय.

तो दरबारच्या पागेत नालबंद होता. बाप नालबंद, आजा नालबंद. नाल ठोकल्यावर घोडं नीट पाय टाकतंय का हे बघायला त्याला पळवून बघावं लागतं. ते काम पोरपणापासून भाईकडं होतं, पण बापाची सक्त ताकीद होती की घोडं दरबारचं आहे, त्याच्यावर बसायचं नाही. मग हा लगामाला हात घालून घोड्याच्या बरोबरीनं पळायचा. घोडं दुडकं चाललं की हा दुडका, घोडं उधळलं की हाही उधळला. त्यामुळं एकटा पळतानाही त्याचा डावा हात जरासा पुढं आणि वर असायचा, अदृश्य घोडं धरल्यासारखा. बघणारे हसायचे. पण घोड्याशेजारी पळून त्याला एक गोष्ट आली होती, ती आम्हा बाकीच्यांना कधी आली नाही. पळता पळता वेग बदलायचा, तोही धाप न लागता.

मी कुरुंदवाडकडच्या एका जैन शेतकऱ्याचा पोरगा. शिकायला कोल्हापुरात बोर्डिंगात राहत होतो. महाराजांचे दिवस, गावात तालमीच तालमी. पैलवान रस्त्यानं चालला तर दुकानदार उठून उभे राहायचे. पळणाऱ्याला मात्र लोक विचारायचे, कोण मागं लागलंय? म्हणून मी पहाटे गडमुडशिंगीच्या रस्त्यावर, कुणी बघायच्या आत पळून घ्यायचो. एके दिवशी मागून टापा ऐकू आल्या. बघतो तर एक तांबडं घोडं आणि त्याच्या कानाशी एक सुकट, काळासावळा माणूस, माझ्या पायांकडं रागानं बघत.

"पाय आपटतोयस," तो म्हणाला. "रस्त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

एवढं बोलून तो घोड्यासकट पुढं निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पाय हळू टाकत होतो. तो मागून आला, ऐकलं आणि माझ्या चालीनं पळू लागला. त्या दिवसापासून तो माझा भाई झाला. वयानं दहाएक वर्षांनी मोठा. मला तो नावानं कधीच हाक मारायचा नाही. पाटला म्हणायचा, आणि फारच माया आली तर पाटलाच्या.

सुट्टीत मी त्याला गावी नेला. माझी अव्वा, म्हणजे आई, सोवळ्या-ओवळ्याची, मला धास्ती होती. भाई ओसरीवर बसला आणि आल्या आल्या म्हणाला की बैलाचा मागचा नाल कुठल्या गाढवानं मारलाय. अव्वा म्हणाली, माझ्या भावानं. मी डोळे मिटले. अव्वानं जरा वेळानं त्याला भाकरी वाढली आणि म्हणाली, "खरंय. त्यो गाढवच हाय." भाई हसलेला मी त्या दिवशी पाहिला. संध्याकाळी त्यानं तो नाल काढून नवा ठोकला.

पहिलं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. विलायतेशेजारच्या एका देशात जगातल्या सगळ्या मुलखांचे सामने भरणार आणि त्यात प्रथमच आपल्याकडची माणसं न्यायची, असं काही मोठ्या लोकांनी ठरवलं. निवड पुण्याला झाली. मी लांबच्या शर्यतीत घेतला गेलो. भाई मधल्या पल्ल्याच्या शर्यतीला उभा राहिला. ती मैलाच्या जरा आतच संपते हे ऐकल्यावर तो पंचांशी भांडायला गेला. मैल म्हणजे मैल, त्याला कात्री कुणी लावली? तिकडच्या लोकांची मापं वेगळी असतात असं त्यांनी समजावलं. मग मापं सारखी करून घ्या आणि मग बोलवा, असं म्हणून तो परत आला आणि पळाला. दुसरा आलेला माणूस बराच मागं होता. लोकांना वाटलं होतं की नालबंद म्हणजे अनवाणी पळणार. त्यानं पायात खिळ्यांचे बूट मागून घातले होते. "आमी घोडं अनवाणी पळवत न्हाय," तो म्हणाला, "मग मी का पळू?"

आमच्याबरोबर व्यवस्थापक म्हणून एक गृहस्थ आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. ते आपल्यातलेच, मराठी, विलायतेत शिकून आलेले. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायला आवडलं असतं, काम सोपं झालं असतं. पण माणूस चांगला होता. आगबोटीवर आम्हांला थंडी वाजू लागली तेव्हा त्यांनी आपल्या पेटीतले लोकरी मोजे काढून आम्हांला दिले. स्वतःचं कांबळं त्यांनी भाईच्या अंगावर घातलं.

बोटीवर खाण्याचा प्रश्न होता. मला मांस चालत नव्हतं, भाईला तिथलं हलाल नसलेलं मांस चालत नव्हतं. पहिल्या दिवशी पातळ सारासारखं काहीतरी आलं. भाईनं वास घेतला, माझी वाटी माझ्या तोंडापासून काढून घेतली आणि दोन्ही वाट्या घेऊन तो थेट भटारखान्यात गेला. तिथला आचारी गोव्याचा होता. दोघं अर्धा तास भांडले, एक कोल्हापुरीत आणि एक कोकणीत. त्यानंतर रोज आमच्या ताटात उकडलेले बटाटे, पाव, लोणी आणि एक कच्चा कांदा यायचा. कांदा आचाऱ्याच्या आपखुशीचा होता. त्या बटाट्यांवर आम्ही समुद्र ओलांडला. रोज सकाळी भाई डेकवरून चकरा मारायचा. वाटेत खुर्च्या टाकून बसलेल्या मडमा त्याला पाय काढून वाट देत, आणि तो त्यांच्याकडंही रागानं बघे.

त्या देशात सारखी झिमझिम. भिंतींवर अजून लढाईतल्या गोळ्यांची भोकं होती. आम्हांला एका शाळेत उतरवलं होतं, वर्गातली बाकं बाजूला करून खाटा मांडलेल्या. मैदानावर पळायची वाट कोळशाच्या राखेची, पावसानं चिकट झालेली. भाईनं बसून ती राख मूठभर उचलली, चोळली आणि म्हणाला की घोडं असतं तर मी हितं आणलं नसतं. पण बूट घालून चकरा मारल्यावर त्याचा जीव रमला. तो सगळ्यांच्या मागून पळायचा, प्रत्येकाची चाल बघायचा, आणि संध्याकाळी मला सांगायचा की तो टकल्या डावा पाय ओढतोय, तो बुटका घाबरट आहे.

त्याची प्राथमिक फेरी दुपारी होती. प्रत्येक फेरीतले पहिले काहीजण अंतिम शर्यतीत जाणार होते. बंदुकीचा बार झाला आणि भाई आपल्या रीतीनं मागं राहिला. दुसऱ्या चकरेत तो वाट काढत पुढं सरकू लागला. डावा हात तसाच, जरा पुढं धरलेला. वळणावर तो एका उंच माणसाच्या बाहेरून निघाला. तो माणूस कुठल्या देशाचा ते मला ठाऊक आहे. सांगत नाही. त्यात देशाचा दोष नव्हता. त्या माणसानं आजूबाजूला पाहिलं आणि कोपर भाईच्या बरगडीत घातलं. धक्का चुकून लागला असता तर त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं नसतं.

भाई राखेत तोंडावर पडला. मागचे त्याच्यावरून उड्या मारून गेले. वळणावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पंचानं हातातलं निशाण वर केलं, शर्यतीत काही गैर घडलं की करतात तसं. ते मी पाहिलं, साहेबांनीही पाहिलं. साहेब माझ्या शेजारीच होते.

मला वाटलं संपलं. पण भाई उठला. गुडघ्याचं कातडं लोंबत होतं, तोंड अर्धं काळं. तो त्या माणसाच्या मागं लागला. शर्यत वगैरे सगळं तो त्या घटकेला विसरला होता, हे मला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. एकाला मागं टाकलं, दुसऱ्याला टाकलं. त्या टकल्याला टाकलं. गोरे प्रेक्षक उभे राहून ओरडू लागले, आणि खरं सांगतो, ते त्याच्याच बाजूनं ओरडत होते. शेवटच्या सरळ वाटेवर तो त्या उंच माणसाच्या मागं पोचला. शेवटची रेघ आली तेव्हा दोघांत हातभर अंतर होतं. पुढं जाणाऱ्यांत तो माणूस शेवटचा ठरला. आणि न जाणाऱ्यांत भाई पहिला.

मग जे झालं ते एवढंच. भाई त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याचं मनगट धरलं. आपल्याकडं रस्त्यात एखाद्याला थांबवायला धरतात तसं. आणि विचारलं, "का ढकललास?" मराठीत विचारलं. तो दचकून मागं सरला. दोन माणसं धावली, भाईला धरलं. भाईनं त्यांनाही तेच विचारलं.

वळणावरचा तो म्हातारा पंच निशाण बगलेत मारून आमच्याकडं चालत आला. टोपी काढून त्यानं साहेबांना विचारलं, तुमच्या माणसाला पाडलं गेलंय, तुम्हांला तक्रार करायची आहे काय? एवढं इंग्रजी मला येत होतं. साहेबांनी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं ते देव जाणे. कदाचित भाईला अंतिम शर्यतीत घेतलं असतं, कदाचित नसतंही. साहेब म्हणाले, नाही, तक्रार काही नाही. उलट आमच्या माणसाच्या वागण्याबद्दल तो आणि आम्ही सगळे माफी मागतो. पंचानं पुन्हा एकदा विचारलं. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ते त्या उंच माणसाकडं गेले, त्याचा हात हातात घेतला आणि तिथंही तेच म्हणाले.

मी साहेबांना म्हणालो की निशाण वर झालं होतं. ते म्हणाले, "तू गप्प राहा. आपण इथं पहिल्यांदा आलोय. भांडखोर म्हणून नाव झालं तर पुन्हा आपल्याला कोण बोलावणार?" तेही घाबरले होते. घाबरलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मी आजही करतो.

भाई बाकावर बसला होता. गुडघ्यातली राख मी ओल्या फडक्यानं काढत होतो. ती आत रुतली होती. त्यानं विचारलं, साहेब काय म्हनला? मी सांगितलं.

"माझ्या नावानं?"

मी हो म्हणालो.

"पडलो मी," तो म्हणाला, "आनि माफीबी मीच मागू?"

त्या संध्याकाळी साहेब शाळेत आले आणि भाईला म्हणाले की झालं गेलं विसर, तुझ्या भल्यासाठीच केलं. भाईनं अंगावरचं त्यांचं कांबळं काढून घडी केलं आणि त्यांच्या हातात दिलं. परतीच्या साऱ्या प्रवासात तो त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. माझी शर्यतही झाली. मी कितवा आलो हे कुणी विचारत नाही, आणि तेच बरं आहे.

कोल्हापूरच्या स्टेशनावर हलग्या, हार, गुलाल, माणसांची दाटी. गाडी थांबली तसा भाई फलाटाच्या उलट्या बाजूनं उतरला आणि रूळ ओलांडून लंगडत पागेकडं गेला. त्याच्या वाटणीचे हार माझ्या गळ्यात पडले. तोवर बातमी आमच्या आधीच पोचली होती, आणि वाटेत तिला हातपाय फुटले होते. भाईनं गोऱ्याला हाणला. तालमीतली पोरं त्याचा हात बघायला येऊ लागली. दुसऱ्या बाजूला शहाणी माणसं म्हणू लागली की असल्या अडाण्याला धाडायलाच नको होतं, नाव घालवलं. महाराज काय म्हणाले याच्याही दोनतीन गोष्टी गावात होत्या. मी तिथं नव्हतो, म्हणून त्यांतली एकही सांगत नाही.

भाईचा राग दोघांवर सारखाच. जो शाब्बास म्हणायला येई त्याच्यावर तो हातोडा घेऊन उठे. "मारलं न्हाय मी. इचारलं फक्त." पोरं डोळे मिचकावत आणि म्हणत, व्हय व्हय भाई, इचारलंच. गोऱ्याला मारलेला भाई गावाला हवा होता, माफी मागितलेला भाई वरच्या लोकांना हवा होता. पाडला गेलेला भाई कुणालाच नको होता. तो पुन्हा कधी शर्यतीत पळाला नाही. गुडघा वाकत होता, कारण ते नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, पळीन की, आधी त्यो हिशेब मिटूदे.

वर्ष उलटल्यावर गावाबाहेरच्या माळावर खेळांचे सामने भरले. घोडदौड, भालेफेक, धावण्याच्या शर्यती. मंडप घातलेला, त्यात पुढच्या खुर्च्यांवर गोरे अंमलदार आणि त्यांच्या मडमा. पाहुणे म्हणून आमचे साहेब आले होते. माळाच्या कडेला झाडाखाली भाई घोड्यांचे नाल बघत होता. मी त्याच्याजवळच होतो.

साहेब चांगलं बोलले. शिस्तीवर बोलले. मग हसून म्हणाले की आमच्याबरोबर याच गावचा एक वीर होता, शर्यत कुस्तीची नसून पळण्याची आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मंडप हसला. साहेबांनी ते खुनशीपणानं म्हटलं नव्हतं. त्यांना ती खरोखरच गमतीची गोष्ट वाटू लागली होती.

भाईनं घोड्याचा पाय खाली ठेवला आणि नाल ठोकताना बांधायची कातडी कमरेला तशीच ठेवून तो मंडपात गेला, मी मागं. तो साहेबांसमोर उभा राहिला तेव्हा हसू आपोआप थांबलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी मला मोजं दिलं, कांबळं दिलं. इसरलो न्हाय. ते तुमचं हुतं, तुमी दिलं. पन माफी माझी हुती. ती तुमी कशी दिली?"

इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला फक्त घोड्याशी ऐकलं होतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अरे, अजून मनात धरून बसलास, असं काहीतरी म्हणाले. भाई हलला नाही. कार्यक्रम थांबलेला. शेवटी साहेब लोकांकडं वळले आणि मराठीत म्हणाले, "खरी गोष्ट अशी की याला धक्का देऊन पाडलं होतं. यानं कुणाला मारलं नाही, आणि माफीही यानं मागितली नव्हती. मी मागितली."

मला वाटलं, मिटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हां," भाई म्हणाला. "आता इंग्रजीत."

साहेबांना कळलं नाही.

"माफी इंग्रजीत मागितली हुती. मराठीत हितल्या लोकांनी ऐकलं. ज्यांच्या म्होरं माझी मान खाली घातली त्यास्नी कळंल असं बोला. हितं बसल्यात की."

साहेबांनी पुढच्या खुर्च्यांकडं पाहिलं. एक अंमलदार घड्याळ बघत होता. मग साहेब खाली बसले. जगभर हिंडलेला, चार भाषा येणारा माणूस तेवढी दोन वाक्यं बोलू शकला नाही.

तेव्हा ती मी बोललो. माझं इंग्रजी बोर्डिंगातलं, पाठ केलेलं. हा माणूस पाडला गेला. यानं माफी मागितली नाही. पंच विचारायला आला होता. एका ठिकाणी क्रियापद चुकलं, ते आजही टोचतं. गोऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यांना ते आभाराचं भाषण वाटलं असावं, कारण त्यांनी सावकाश टाळ्या वाजवल्या. ते वाजवतायत म्हणून सगळा मंडप वाजवू लागला. साहेबही वाजवू लागले.

भाई माझ्याकडं बघत होता. "त्येच बोललास न्हवं?"

"तेच बोललो."

"मग ह्ये टाळ्या कशापायी वाजवायल्यात?"

मी म्हणालो, "कळलं नाही त्यांना, भाई."

तो वळला आणि झाडाकडं चालू लागला. घोडं तीन पायांवर नाल असलेलं तसंच उभं होतं. त्यानं चौथा पाय मांडीवर घेतला, खिळे ओठांत धरले आणि मला दोर धरायची खूण केली. मागं मंडपात टाळ्या अजून चाललेल्या. त्यानं पहिला खिळा ठोकला. घोडं बिथरलं तसं त्यानं त्याच्या पोटावर हात ठेवला आणि खिळ्यांतूनच, हळू, माझ्याकडं न बघता म्हणाला,

"न्हाय रं बाळा. राग तुझ्यावर न्हाय."